शुद्ध हरपल्यावर सही कोणाची?

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा जमिनीच्या किंवा फ्लॅटच्या व्यवहारात ऐकू येतो. मुलगा परदेशात, फ्लॅट पुण्यात, मग काकांच्या नावे कुलमुखत्यारपत्र. आपण हयात आहोत, शुद्धीत आहोत, फक्त तिथे हजर नाही, एवढ्यासाठीच हा कागद असतो. पण या साध्या मुखत्यारपत्राची एक विचित्र मर्यादा आहे. ज्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज पडेल, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या कलम 201 नुसार देणारा मरण पावला किंवा त्याचं मन विकल झालं, की मुखत्याराचा अधिकार संपतो.

यामागचा तर्क सरळ आहे. मुखत्यार म्हणजे तुमचाच लांबवलेला हात. त्याचं काम पटलं नाही, तर तुम्ही कधीही अधिकार काढून घेऊ शकता. काढून घेण्याची समजच उरली नसेल, तर हात कोणाचा म्हणायचा?

हा तर्क इंग्लंडच्या न्यायालयांत घडत गेला. 1879 मध्ये तिथल्या अपील न्यायालयात ड्रू विरुद्ध नन हा खटला आला. नवऱ्याने बायकोला आपल्या नावे उधारीवर खरेदी करण्याची मुभा दिली होती. पुढे तो मनोरुग्ण झाला. बायको पूर्वीप्रमाणेच खरेदी करत राहिली आणि दुकानदाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा बरा झाल्यावर त्याने पैसे द्यायला नकार दिला. न्यायालय म्हणालं, वेड लागताच बायकोचा अधिकार संपला हे खरं, पण दुकानदाराला तसं कळवलं नव्हतं, म्हणून पैसे द्यावे लागतील. 1910 च्या याँग विरुद्ध टॉइनबी खटल्यात याची झळ वकिलांना बसली. अशील वेडा झालाय हे माहीत नसताना त्यांनी त्याच्या वतीने खटला चालवला, आणि समोरच्या पक्षाचा खर्च त्यांना स्वतःच्या खिशातून द्यावा लागला.

जवळजवळ शंभर वर्षं हे असंच चाललं. दरम्यान माणसं जास्त जगू लागली आणि स्मृतिभ्रंश घराघरांत दिसू लागला. वडिलांच्या बँकखात्यातून त्यांच्याच औषधांचे पैसे काढायला मुलांना ‘कोर्ट ऑफ प्रोटेक्शन’चे खेटे घालावे लागत. अखेर 1985 मध्ये ब्रिटिश संसदेने ‘एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी’चा कायदा केला. आता समज गेल्यावरही कागद टिकू लागला. पण तो फक्त पैसा आणि मालमत्तेपुरता होता. देहाबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.

देहाचा प्रश्न दोन खटल्यांनी ऐरणीवर आणला. 1989 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘एफ’ या अद्याक्षराने ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीच्या खटल्यात स्पष्ट केलं, की निर्णयक्षमता नसलेल्या प्रौढ माणसाच्या उपचारांना दुसरं कोणीही संमती देऊ शकत नाही. आईसुद्धा नाही आणि न्यायालयही नाही. डॉक्टरांनी रुग्णाचं सर्वोत्तम हित पाहून वागायचं. त्याच वर्षी 15 एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली. त्यात टोनी ब्लँड या किशोरवयीन लिव्हरपूल समर्थकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. तो जवळपास चार वर्षं बेशुद्धावस्थेत होता. नळीने दिलं जाणारं अन्न थांबवायला आईवडील तयार होते, डॉक्टरही तयार होते, तरी प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. फेब्रुवारी 1993 मध्ये परवानगी मिळाली आणि मार्चमध्ये त्याचा मृत्यू झाला. एवढ्या सगळ्यात टोनीला स्वतःला काय हवं असतं, हे सांगणारा कागद कुठेच नव्हता.

लॉ कमिशनचा अहवाल 1995 मध्ये आला, ‘मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट’ 2005 मध्ये झाला आणि 1 ऑक्टोबर 2007 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी’ सुरू झाली. तिचे दोन प्रकार आहेत: एक मालमत्तेसाठी आणि दुसरा आरोग्य व देखभालीसाठी. दुसरा कागद तुमची निर्णयक्षमता गेल्यावरच वापरता येतो. जीव टिकवणाऱ्या उपचारांचा निर्णय मुखत्याराने घ्यायचा की डॉक्टरांनी, ही निवड त्यात वेगळी सही करून नोंदवावी लागते.

हा सगळा इतिहास मी वाचला, कारण माझी ताई तिकडे नर्स आहे. मी पुण्यात कोड लिहितो. मागच्या वर्षी तिने फॉर्म भरायला घेतला आणि मुखत्यार म्हणून माझं नाव घालू का, असं विचारलं.

नर्सने हा कागद करावा यात वरवर पाहता नवल नाही. ड्यूटीवर ती रोज हेच बघते. नातेवाईक येतात, म्हणतात, “आम्ही नेक्स्ट ऑफ किन आहोत, आम्ही ठरवणार.” डॉक्टर त्यांचं ऐकून घेतात, मत विचारतात. पण तिथल्या कायद्यात नेक्स्ट ऑफ किनला प्रौढ रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकारच नाही. नवऱ्याला नाही आणि आईलाही नाही. ताई हे दुसऱ्यांना समजावून सांगत होती आणि तिचा स्वतःचा कागद मात्र कोरा होता.

आरोग्यसेवकांच्या बाबतीत कोविडने हा कोरेपणा उघडा पाडला. 2020 च्या पहिल्या लाटेत ब्रिटनमध्ये मरण पावलेल्या डॉक्टरांत स्थलांतरित घरांतल्यांची संख्या मोठी होती. त्या सप्टेंबरमध्ये मृत्युपत्राला व्हिडिओवरून साक्ष चालेल असा बदल झाला, पण लास्टिंग पॉवरला ती सूट मिळाली नाही. ती कागदावर, साक्षीदाराच्या डोळ्यांसमोर आणि ठरलेल्या क्रमानेच सही व्हावी लागते: आधी देणारा, मग प्रमाणित करणारा, मग मुखत्यार. प्रमाणित करणारा घरचा चालत नाही. दोन वर्षं ओळखणारा सहकारी किंवा डॉक्टरसारखा व्यावसायिक लागतो, आणि ही सही समजून-उमजून, दबावाशिवाय होते आहे ना, हे तो तपासतो. त्यानंतर ‘ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियन’कडे नोंदणी, तीही वापरण्याआधी. यात आठवडे जातात. व्हेंटिलेटर लावायच्या आदल्या दिवशी होण्यासारखं हे काम नाही.

आमच्या घरी वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. आई म्हणाली, “मी असताना भावाचं नाव कशाला?” ताई म्हणाली, “आई, तू मला कधीच जाऊ देणार नाहीस.” त्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही.

परिचारिकेच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न मुंबईलाही नवा नाही. 27 नोव्हेंबर 1973 ला परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर हल्ला झाला. त्यानंतर ती बेचाळीस वर्षं तिथेच होती आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला सांभाळलं. लेखिका पिंकी विराणी यांनी तिचं कृत्रिम अन्न थांबवावं अशी याचिका केली. 7 मार्च 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. अरुणाची ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणून न्यायालयाने विराणींना नव्हे, तर केईएमच्या कर्मचाऱ्यांना मानलं, आणि त्यांना तिने जगावं असं वाटत होतं. दोन्ही बाजूंना तिची कळकळ होती, पण अरुणाने स्वतः दोघांपैकी कोणालाच निवडलेलं नव्हतं. 18 मे 2015 ला तिचा मृत्यू झाला.

मुखत्यार हा शब्द अरबी ‘मुख्तार’वरून आला आणि त्याच्या मुळाशी निवड आहे. त्या खटल्यात नेमकी तीच नव्हती.

2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विल मान्य केलं आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, आणि तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावंही लिहिता येतात. पण त्याचा आवाका आयुष्याच्या अखेरच्या उपचारांपुरता आहे. ‘मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017’ नामनिर्देशित प्रतिनिधी देतो, तो मानसिक आजाराच्या उपचारांसाठी. बँकखातं, घर, शस्त्रक्रिया, देखभाल या सगळ्यांसाठी समज गेल्यावरही टिकणारं एक मुखत्यारपत्र आपल्याकडे अजून नाही. कोमातल्या माणसाचे व्यवहार सांभाळायला घरच्यांना उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणजे ताईचा तिकडचा कागद ती दिवाळीला घरी आली असताना उपयोगाचा नाही. म्हणून तिने इथल्या लिव्हिंग विलचा मसुदाही मागवला आहे.

सही करण्याआधी मी तिला प्रश्नांची यादी पाठवली. बोलता येत नसेल, पण ओळख पटत असेल तर? नळीने अन्न किती दिवस? धर्मादाय रुग्णालय की घर? तिने एकेकाचं उत्तर व्हॉइस नोटने दिलं, रात्रपाळीहून परतताना, बसमध्ये बसून. सगळ्यांत लांब उत्तर शेवटच्या प्रश्नाचं होतं: आईला काय सांगायचं? ती म्हणाली, “ते मी सांगते. तुला सांगायला लावणार नाही.” पुढच्या रविवारी तिने आईला फोन केला. दीड तास. त्यानंतर मी सही केली.