लाल मातीच्या अटी
(गोव्यातील खाणींची दुरुस्ती व साफसफाई यांविषयी शासन आणि खाणचालक यांच्यात झालेल्या वाटाघाटींचा मागोवा)

गोव्याच्या अंतर्भागात, डिचोली, सत्तरी, धारबांदोडा व सांगे या तालुक्यांत, माथ्यावर खनिज आणि पायथ्याशी शेत, कुळागर व देऊळ अशी निसर्गाचीच मांडणी आहे. माथ्यावर पडलेला पाऊस जांभ्या दगडातून मुरत मुरत पायथ्याच्या झरीला येतो. त्या झरीवर सुपारी पोसली जाते, वायंगणाचे भात पिकते आणि देवाच्या तळीला उन्हाळ्यातही पाणी राहते. ज्या थरात लोहखनिज आहे त्याच थराच्या आसऱ्याने हे पाणी साठते. एवढी एक गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे पुढचा सारा वाद समजण्यास सोपा जातो.

पोर्तुगीज राजवटीत २० सप्टेंबर १९०६ च्या हुकूमनाम्यानुसार खाणींच्या सवलती दिल्या जात. सवलतीचे क्षेत्र सामान्यतः १०० हेक्टरांपर्यंत असे. मुदतीची मर्यादा मात्र नसे. अटी पाळल्या, कर भरला, की हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालावयाचा. डोंगर फोडल्यावर तो पूर्ववत कोणी करावयाचा, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनातही आला नसावा. हाताने खनिज काढून टोपल्यांनी वाहून नेण्याच्या दिवसांत तो फारसा जाचकही नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी आली, यंत्रे आली, मांडवी व जुवारी नद्यांतून बार्जी मुरगाव बंदराकडे धावू लागल्या आणि माथ्यावर टाकाऊ मातीचे ढीग उभे राहू लागले. गोव्यात एक टन खनिज काढावयाचे तर साधारण अडीच ते तीन टन माती व दगड बाजूला सारावे लागतात. या ढिगांना सर्वत्र ‘डंप’ हेच नाव पडले आणि तेच रूढ झाले.

मुक्तीनंतर १ ऑक्टोबर १९६३ पासून केंद्राचा १९५७ चा खाण व खनिज कायदा गोव्यास लागू झाला. परंतु जुन्या सवलतींना तो लागू होतो की नाही, यावरच सुमारे पाव शतक गेले. शासनाने १९७५ साली त्या सवलतींना भाडेपट्टे मानण्याचा प्रयत्न केला. तो १९८३ मध्ये उच्च न्यायालयात टिकला नाही. अखेर संसदेने १९८७ साली कायदा करून सवलती रद्द केल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर झाल्याचे जाहीर केले. त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले. मालकीच्या या झगड्यात मातीच्या प्रश्नाला वाली उरला नाही.

अटींचे खरे पर्व सुरू झाले ते १९८८ च्या खनिज संरक्षण व विकास नियमांपासून. वरची सुपीक माती वेगळी राखावी, डंप घसरणार नाही अशा रीतीने रचावा, खाणीचे पाणी गाळून सोडावे, उत्खनन संपलेली जमीन सावरून झाडे लावावीत, असे हे नियम सांगत. त्यांची अंमलबजावणी नागपूर येथील भारतीय खाण ब्यूरोकडे होती व त्याचे प्रादेशिक कार्यालय मडगावास होते. पद्धत अशी, की खाणचालकाने मान्यताप्राप्त तज्ज्ञाकरवी खाणकामाचा आराखडा करून घ्यावयाचा व तो ब्यूरोकडे सादर करावयाचा. कार्यालयाने त्यावर शेरे मारावयाचे, जागेची पाहणी करावयाची, आराखडा दुरुस्त होऊन पुन्हा यावयाचा आणि मग मंजुरी मिळावयाची. दुरुस्तीच्या अटींची घासाघीस होई ती या फेऱ्यांत.

या घासाघिशीत खाणचालकांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे म्हणता येणार नाही. १०० हेक्टरांच्या पट्ट्यात खंदकही काढावयाचा, रस्तेही करावयाचे आणि खनिजाच्या तिप्पट मातीही साठवावयाची, हे कठीणच होते. कार्यालयाने खंदक बुजविण्यास सांगावे, तर चालकांनी खाली अजून खनिज शिल्लक असल्याचे दाखवावे. आणि शिल्लक खनिजावर माती लोटणे हे खनिज संरक्षणाच्याच विरुद्ध, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद असे. एकाच नियमाचे पहिले कलम दुसऱ्याच्या आड उभे राही. परिणामी खंदक उघडा राही आणि डंप पट्ट्याच्या बाहेर, कोणाच्या तरी खासगी वा गावकारीच्या जमिनीवर चढे. तडजोड म्हणून डंपभोवती चर, पायथ्याला दगडी बांध, गाळ बसण्यासाठी तळी आणि उतारावर अकेशियाची लागवड एवढ्यावर दोन्ही पक्षांचे जमे. झाडे मोजता येतात, अहवालात आकडा भरता येतो. आटलेली झर मात्र अशी मोजता येत नाही. साखळी येथील जुन्या खाणीवर ‘सेसा गोवा’ने केलेल्या हिरवाईसारखी उदाहरणेही घडली, हे नमूद केलेच पाहिजे, पण अशी उदाहरणे पाहुण्यांस दाखवावयाची जागा होऊन बसली, यातच त्यांची विरळता दिसते.

एप्रिल २००३ मध्ये नियमांत मोठी भर पडली. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी आवश्यक झाली. यांत्रिक, म्हणजे ‘अ’ वर्गाच्या खाणीसाठी वापरातील दर हेक्टरी २५,००० रुपये आणि ‘ब’ वर्गासाठी १५,००० रुपये, असा दर ठरला. १०० हेक्टरांचा पट्टा संपूर्ण वापरात धरला तरी ‘अ’ वर्गाची हमी २५ लाखांची होते. शेकडो फूट खोल खंदक, दोन-तीन डोंगरांएवढी माती आणि खालची शेते या सर्वांची जबाबदारी २५ लाखांत! हमी हेतूपुरती न ठेवता नावापुरती ठेवली की कागद पूर्ण होतो आणि काम बाकी राहते. २०१७ च्या नव्या नियमांनी हे दर ‘अ’ वर्गासाठी ३ लाख व ‘ब’ वर्गासाठी २ लाख रुपयांवर नेले. चौदा वर्षांत बारापट वाढ झाली, यावरूनच आधीचा आकडा कसा होता ते उघड होते. तोवर गोव्यातील तेजीचा काळ ओसरून गेलेला होता.

या सर्व व्यवहारात बसणारे पक्ष दोनच होते: परवाना घेणारा आणि परवाना देणारा. ज्याच्या शेतात जूनच्या पहिल्या पावसात लाल गाळ उतरे तो शेतकरी तिसरा. त्याला त्या टेबलाशी खुर्ची नव्हती. त्याच्या वाट्यास येई ती नुकसानभरपाई, तीही बहुधा त्या हंगामाच्या पिकाची. गाळ बसून कठीण झालेली जमीन, बुजलेला ओहोळ, निकामी झालेला पाट यांचा हिशेब त्यात क्वचितच होई. देवस्थानांच्या दृष्टीने येथे एक अवघड गोष्ट आहे. खाणमालक, बार्जमालक, खाणीवरील कारकून आणि गाळाने नाडलेला शेतकरी हे कित्येकदा एकाच देवळाचे महाजन अथवा भजक असत. सभामंडपाचा जीर्णोद्धार ज्या संपत्तीतून झाला आणि तळीचे पाणी ज्या कारणाने खाली गेले, ती दोन्ही एकाच डोंगरातून आली. म्हणूनच अनेक गावांत हा विषय महाजनांच्या बैठकीत निघाला नाही, आणि निघाला तरी इतिवृत्तात उतरला नाही.

तिसऱ्या पक्षास तोंड मिळाले ते जनसुनावणीमुळे. पर्यावरण परवान्याची अधिसूचना २७ जानेवारी १९९४ ची. जनसुनावणीची तरतूद १९९७ मध्ये आली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने ती अधिक स्पष्ट झाली. पूर्वी कचेरीत बंद राहणारा अहवाल आता गावकऱ्यांच्या हाती पडू लागला. आपल्या गावात नाला नाही असे छापलेले वाचून तो नाला दाखविण्यास माणसे उठली, असा हा बदल होता. श्रीलईराई देवीच्या शिरगावात चहूबाजूंनी खाणी खोल गेल्या आणि विहिरी आटल्या, तेव्हा तो प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला व नागपूरच्याच ‘नीरी’ या संस्थेकडून भूजलाची तपासणी झाली. जत्रेच्या व्रतात धोंडांचे स्नान तळीवर होते, त्या गावात पाण्याचा प्रश्न हा केवळ शेतीचा नव्हता.

इकडे चीनच्या मागणीने हलक्या प्रतीच्या खनिजालाही भाव आला. टाकाऊ म्हणून रचलेले जुने डंप पुन्हा उकरले जाऊ लागले, आणि २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून होणारी निर्यात ५ कोटी टनांच्या पुढे गेली. न्या. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेपुढे आला. राज्याने काम थांबविले, केंद्राने पर्यावरण परवाने स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने ठरविले, की सर्व पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, पट्ट्याबाहेर डंप टाकता येणार नाही, वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा राहील आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत जमा होईल. कचेरीतील घासाघिशीत जे पंचवीस वर्षांत झाले नाही ते एका निकालात झाले. तरीही राज्याने घाईने ८८ पट्टे नूतनित केले. नवे पट्टे व नवे पर्यावरण परवाने यांवाचून काम चालविता येणार नाही, असे सांगून ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केले.

मार्च २०१८ मध्ये काम थांबले आणि एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. पट्टाच उरला नाही, तर पावसाळ्यात खंदकातील पाणी कोणी उपसावयाचे, डंपाचा बांध कोणी सांभाळावयाचा? मे २०२२ मध्ये राज्याने माजी पट्टेधारकांना जागा सोडण्याचा आदेश दिला. त्याविरुद्धच्या याचिका ७ ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने फेटाळल्या. यंत्रे उतरवून नेता आली. डंप आणि पाण्याने भरलेले खंदक जागच्या जागी राहिले. त्याच वर्षाअखेरीस नव्या पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. पहिले चार पट्टे निघाले, त्यांपैकी दोहोंच्या नावातच शिरगाव होते.