मराठीपणाचा गडद रंग : बडोदे

जर्मन माणूस म्हटला की चामड्याची तोकडी विजार आणि हातात बिअरचा मोठा पेला, असे चित्र जगभर उभे राहते. हे चित्र एकट्या बव्हेरियाचे आहे. हाम्बुर्गच्या व्यापाऱ्याला ते आपले वाटत नाही, पण जगाने ते सबंध जर्मनीवर चिकटवले. बव्हेरियातला ऑक्टोबरचा प्रसिद्ध उत्सव सुरू झाला तो 1810 साली तिथल्या युवराजाच्या लग्नापासून. स्कॉटलंडचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटने डोंगराळ भागातला चौकड्यांचा वेश सगळ्या स्कॉटिश सरदारांच्या अंगावर चढवला आणि मैदानी मुलखातल्या, तो वेश कधी न घातलेल्या लोकांचीही तीच ओळख होऊन बसली. दोन्ही ठिकाणी राजसत्ता हजर आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एखाद्या समाजाचे ठसठशीत, थोडे फुगवलेले चित्र त्या समाजाच्या मूळ गाभ्यात तयार होतेच असे नाही. जिथे कुणाला तरी आपण कोण आहोत हे दाखवणे भाग असते, तिथे ते तयार होते. मराठी समाजापुरते बोलायचे तर ही जागा महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात सापडते, असे माझे म्हणणे आहे.

गायकवाडांनी 1734 च्या सुमारास बडोदे कायमचे ताब्यात घेतले आणि 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, ते त्यांच्याकडे राहिले. या राज्याचा भूगोलही विचित्र होता. बडोदे, नवसारी, कडी आणि काठेवाडातले अमरेली असे त्याचे तुकडे एकमेकांपासून दूर विखुरलेले होते. प्रजा बहुतांशी गुजराती. मराठी म्हणावे ते सरदार, शिलेदार, कारकून, शास्त्री, पुजारी आणि त्यांच्या आश्रयाने आलेले लोक. संख्येच्या बळावर उभी नसलेली सत्ता खुणांच्या बळावर उभी राहते. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा याची साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा चौमजली लाकडी वाडा. त्याच्या भिंतींवर कृष्णलीलांबरोबर मराठे आणि इंग्रज यांच्या लढायाही रंगवलेल्या आहेत. पुण्यातल्या माणसाला आपण मराठे आहोत हे भिंतीवर रंगवून स्वतःला सांगण्याची गरज बहुधा पडली नसती.

इथे पहिला आक्षेप येईल तो पुण्याचाच. मराठीपणाचा अतिरेक पाहायचा तर सदाशिव पेठ सोडून रावपुऱ्यात कशाला जायचे? पण पुण्याची जगजाहीर प्रतिमा ही एका वर्गाची आहे : पुस्तकी, काटेकोर, वाद घालणारी. पैलवान, तालीम आणि तांबडा रस्सा यांची प्रतिमा कोल्हापूरच्या वाट्याला गेली. महाराष्ट्रात मराठीपणाची अशी वाटणी झालेली आहे आणि प्रत्येक शहर आपापला वाटा जपून आहे. बडोद्यात मात्र दोन्ही वाटे एकाच गावात, काही पेठांच्या अंतरावर नांदत होते. खंडेराव महाराजांचा कुस्तीचा आणि साठमारीचा शौक प्रसिद्धच आहे. पुढे जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा राजरत्न माणिकराव यांनी चालवली. त्याच गावात 1909, 1921 आणि 1934 अशी पंचवीस वर्षांत तीन साहित्य संमेलने भरली. स्वतः सयाजीराव 1932 मध्ये कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. या दोन धारा एकत्र आल्याचा सगळ्यात मजेदार पुरावा म्हणजे द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायामज्ञानकोश’. 1936 पासून तो बडोद्यातून निघू लागला आणि दहा खंडांत पुरा झाला. दंड-बैठका, मल्लखांब, कुस्तीचे डाव यांची मराठीतली कोशरचना! शास्त्री आणि पैलवान यांनी एकाच कामाला हात घालावा, हे सुचायला बडोद्यासारखेच गाव हवे होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तिसरे सयाजीराव हे संकुचित मराठी राजे नव्हतेच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा 1875 मध्ये दत्तक आला, 1881 च्या अखेरीस त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले, आणि पुढे त्याने 1893 मध्ये अमरेलीत व 1906 मध्ये सबंध राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले ते प्रजेच्या भाषेत, म्हणजे मुख्यतः गुजरातीत. 1931 साली निघालेल्या ‘श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरू’त कारभाराच्या शब्दांना एकूण आठ भाषांत पर्याय दिलेले होते. ग्रंथालयांची व्यवस्था लावायला त्यांनी 1910 मध्ये बोर्डन नावाचा अमेरिकन माणूस आणला. असा राजा मराठीपणाचे प्रदर्शन कशाला मांडेल? माझे उत्तर असे की कारभार गुजरातीकडे जसजसा सरकत गेला, तसतशी मराठीला दुसरी जागा शोधावी लागली. कचेरीतून हटलेली भाषा देवघरात, नाटकगृहात, ग्रंथमालेत, आखाड्यात आणि राजवाड्यातल्या गणपतीपुढे जाऊन बसली. रोजच्या व्यवहारात असते तेव्हा भाषेला मिरवावे लागत नाही. तिथून बाहेर पडली की ती मिरवू लागते. सयाजीरावांचे उदार धोरण आणि बडोदेकर मराठी माणसाचा थाट यांत म्हणून मला विरोध दिसत नाही. पहिल्यामुळेच दुसरा वाढला.

हा गडद रंग बडोद्यापुरता राहिला नाही. सयाजीरावांचे पहिले दिवाण सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. 1880 मध्ये राणी होऊन आलेल्या पहिल्या चिमणाबाई तंजावरच्याच, आणि त्यांच्याबरोबर तिथले नर्तन बडोद्याच्या दरबारात आले. राजा रविवर्म्याला बडोद्याने आश्रय दिला. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्याच्याकडून पौराणिक चित्रांची मालिका काढून घेतली गेली आणि चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात हा सल्ला माधवरावांचाच होता, असे मानले जाते. 1894 मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला. त्याच्या अनेक नायिका पश्चिम भारतातल्या तऱ्हेने लुगडे नेसलेल्या आहेत. केरळचा चित्रकार, गुजरातेतला मराठी राजवाडा, मुंबईचा छापखाना. या रस्त्याने ते लुगडे साऱ्या देशातल्या भिंतींवरच्या कॅलेंडरांत पोचले. याचे सारे श्रेय बडोद्याला देता येणार नाही. रविवर्म्याने सारा देश पाहिला होता. पण जिथे मराठीपण आधीच थोडे गडद करून मांडलेले होते, तिथला दरबार त्याचा मोठा आश्रयदाता होता, याकडे दुर्लक्ष करणे कठीण आहे.

गडद रंगात काळिमाही गडद उतरतो. 1896 मध्ये गायकवाडांच्या घरचे विधी वेदोक्त की पुराणोक्त हा वाद बडोद्यात पेटला. कोल्हापुरातले वेदोक्त प्रकरण सुरू झाले ते त्यानंतर. मराठा आणि ब्राह्मण यांच्यातली जुनी धुसफूस इथे आधी उघड झाली, कारण दोघांचेही पोट एकाच दरबारावर होते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले डॉ. आंबेडकर 1917 मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले तिथून त्यांना बाहेर काढले गेले, कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबूनच टाकत. राजाची इच्छा आणि गावाची रीत यांतले अंतर इतके उघडेवाघडे दुसरीकडे क्वचितच दिसते.

कुणी म्हणेल, हा सारा दरबाराचा पातळ थर होता, तो गेला आणि शहर आपल्या मूळ गुजराती रूपावर आले. थर पातळ होता हे खरे, पण पुसला गेला म्हणता येणार नाही. आज बडोद्याच्या रस्त्यावर गुजराती माणूस ज्या चवीने सेव-उसळ खातो, त्या चवीचे नाते मिसळीशी आहे. आणि गंमत अशी की 1960 नंतर हेच शहर गुजरातचे गडद चित्र रंगवू लागले. नवरात्रात बडोद्याच्या मैदानांवर हजारोंच्या संख्येने एकाच वर्तुळात फिरणारा गरबा हे आज गुजरातचे जगाला ठाऊक असलेले दृश्य आहे. 2023 च्या डिसेंबरात युनेस्कोने गरब्याला आपल्या वारसायादीत घेतले. यातही मला जुनीच रीत दिसते. दरबाराने या गावाला मोठी मैदाने, कलाशिक्षण, संगीतशाळा आणि सण भव्य करण्याची सवय दिली; सत्ता बदलली तशी ती सवय दुसऱ्या संस्कृतीच्या कामी आली. 2018 च्या फेब्रुवारीत मराठी वाङ्मय परिषदेने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे एक्क्याण्णववे अधिवेशन बडोद्यात भरवले, तेव्हा त्या मांडवाला सयाजीरावांचेच नाव होते.