एका शब्दाचा दोष

कोयनानगरात कुठे विजेची तार तुटली, खांबावर फांदी पडली आणि गाव अंधारात बुडाले, की शाळेतले पोरही बेधडक सांगते, "लाइनीत फॉल्ट आहे." त्याचे मराठी काय, असे त्याला कुणी विचारीत नाही, आणि विचारण्याचे कारणही नाही. वीज निर्माण करण्यासाठीच जे गाव वसले, त्या गावाच्या बोलीत असे शब्द मिठासारखे विरघळून गेलेले असतात. मीही हा शब्द वर्षानुवर्षे ऐकत आणि वापरीत आलो. हाच एवढासा शब्द एके दिवशी मला भरल्या अंगणात निरुत्तर करील, असे मला कधी वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ११ डिसेंबर जवळ आला होता. १९६७ सालच्या भूकंपाची हकीकत आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या लोकांना सोप्या मराठीत सांगावी, असे काही मंडळींच्या मनात आले. एक इंग्रजी टिपण मिळाले. मी चार कादंबऱ्या लिहिलेला मास्तर, तेव्हा भाषांतराचे काम माझ्याकडे येणे ओघानेच आले. टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात तो शब्द होता: फॉल्ट. मी फार विचार केला नाही. इंग्रजी पाचवीपासून फॉल्ट म्हणजे दोष हे पाठ. मी लिहून टाकले, "कोयनेच्या परिसरात जमिनीखाली दोष आहे आणि १९६७ चा भूकंप त्या दोषामुळे झाला."

संध्याकाळी एका अंगणात मी ते वाचून दाखवले. माणसे शांतपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदर सावरला. भूकंपाच्या वेळी त्या दहाबारा वर्षांच्या होत्या. घराची भिंत पडून त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. त्या म्हणाल्या, "गुरुजी, समदं बरोबर लिवलंसा. पर ह्यो दोष कुनाचा, त्ये न्हाई लिवलं."

मी म्हणालो, "आजी, तसा दोष नव्हे हो. जमिनीतला दोष."

"जमिनीनं काय पाप केलं व्हतं?" त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी कागद पुढे घेऊन बसलो. आजींची चूक नव्हती. मराठीत दोष हा नुसता असत नाही, तो कुणाचा तरी असतो. दोष म्हटला की दोषी आला, आणि दोषी म्हटला की त्याच्याकडे दाखवायला बोट आले. इंग्रजीतल्या त्या वाक्यात कुणाकडेच बोट नव्हते. ते मी माझ्या हाताने घातले होते.

आता आधी हकीकत सांगितली पाहिजे. महाबळेश्वरी उगम पावणारी आणि कराडला कृष्णेला मिळणारी कोयना हेळवाकजवळ अडवली गेली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, आणि १९६२ पासून मागे शिवाजीसागर भरू लागला. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे वळवून वीज तयार होऊ लागली. पाणी साठू लागल्यावर थोड्याच काळात परिसरात जमीन अधूनमधून हलू लागली, पोटातून गडगडाट ऐकू येऊ लागले. दख्खनचे पठार म्हणजे काळ्या पाषाणाचा अढळ चौरंग, तिथे भूकंप होत नसतात, अशी तेव्हा विद्वानांचीही समजूत होती. सप्टेंबर १९६७ मध्ये मोठे धक्के बसले. आणि ११ डिसेंबर १९६७, सोमवारी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, माणसे गाढ झोपेत असताना, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मेली, दीड हजारांवर जखमी झाली, हजारो घरे जमीनदोस्त झाली. मुंबई-पुण्याची वीज गेली. धरणाच्या वरच्या भागात आडव्या चिरा पडल्या, पण धरण उभे राहिले. पुढे त्याला काँक्रीटचा आधार देऊन ते बळकट करण्यात आले.

त्या पहाटे या एका खोऱ्यात इंग्रजीतले तीन फॉल्ट एकदम झाले, असे म्हणता येईल. जमिनीखालचा खडक सरकला, तो एक. वीज बंद पडली, तो दुसरा. आणि तिसरा तो, ज्याचा शोध दुसऱ्या दिवसापासून घरोघर सुरू झाला: हे झाले कुणामुळे? इंग्रजाला या तिन्हींना एकच शब्द पुरतो. मराठी माणसाला पुरत नाही. आपण पहिल्याला वेगळा शब्द देऊ, दुसऱ्याला बिघाड म्हणू, आणि दोष म्हणू तो फक्त तिसऱ्याला.

मुळात इंग्रजीत तरी हा शब्द खडकाला कसा चिकटला? ती कथा मोठी गमतीची आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला फसवणे, उणे पडणे या अर्थाचा धातू आहे. म्हणजे मूळ अर्थ उणीव. इंग्लंडातले कोळशाच्या खाणीतले मजूर कोळशाचा थर धरून खणत जात. जाता जाता तो थर एकाएकी संपे. समोर नुसता खडक. थर कुठे गेला, तर मागे केव्हातरी जमीन तुटून सरकलेली असल्यामुळे तो खाली किंवा वर गेलेला असे. मजुराच्या दृष्टीने तिथे कोळसा उणा पडला, म्हणून तो त्या जागेला फॉल्ट म्हणू लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द खाणीतून पुस्तकात आला आणि भूशास्त्राचा झाला. तेव्हा त्यात पापपुण्य नव्हते. होता तो एका मजुराचा हिरमोड.

स्पॅनिश भाषेने ही वाटणी फार नीट केली आहे. मेक्सिको, चिली, पेरू हे भूकंपाचे देश. तिथल्या लोकांना हा शब्द जपून वापरावाच लागतो. जमीन सरकते ती 'फाया', आणि यंत्राचा बिघाडही 'फाया'च. उणीव किंवा खेळातली चूक ती 'फाल्ता'. आणि ज्याच्या माथी अपराध जातो ती 'कुल्पा'. इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर करणारा फायाच्या जागी कुल्पा लिहील, तर त्याने धरतीवर खटला भरल्यासारखे होईल. मी नेमके तेच केले होते.

मग मराठीत त्या खडकाला काय म्हणावे? मी शब्द मांडू लागलो. दोष, चूक, कसूर, अपराध हे सगळे माणसाचे. ते बाजूला ठेवले. खोट नाण्यात असते, सोन्यात असते, मनातही असते; तिलाही कुणी तरी घालणारा लागतो. मग राहिले आपल्या घरातले शब्द. तडा मडक्याला, आरशाला, भिंतीला जातो. चीर दगडाला, लाकडाला पडते. फट दाराला असते. भेग उन्हाळ्यात रानाला पडते, अनवाणी टाचेला पडते. आमच्या भाषेची श्रीमंती पाहा, की फुटण्यालासुद्धा वस्तू पाहून नाव दिले आहे! भेग हा शब्द मला फार आवडला. पण तोही पुरेना. भेग नुसती पडते. ती सरकत नाही. भूकंप होतो तो खडक फुटलेला आहे म्हणून नव्हे. फुटीच्या एका अंगाचा खडक दुसऱ्या अंगाच्या खडकाला घासून एकदम पुढे जातो, म्हणून. १९६७ साली कोयनेत हेच झाले. सरकणे ज्यात नाही, तो शब्द इथे अपुरा.

असे प्रसंग मराठीवर पूर्वीही आले आहेत. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. अमात्य, सचिव, सुमंत हे शब्द रुजले. पण पेशव्याला प्रधान म्हटले तरी लोक पुढे शतकभर पेशवेच म्हणत राहिले. इंग्रजी आमदानीत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि मेजर कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ साली पदनाम कोश आला. त्याची लोकांनी थट्टाही पुष्कळ केली. आमच्याच सातारा जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. १९७३ साली त्याचा परिभाषासंग्रह आणि १९७६ साली पहिला खंड प्रसिद्ध झाला. इकडे कोयनेची जमीन हलत होती आणि तिकडे वाईत जगातल्या साऱ्या विद्यांना मराठी नावे देण्याचे काम चालले होते.

या खटाटोपातून जे शब्द आले त्यांतला कोणता जगतो आणि कोणता मरतो, हे मात्र पंडितांच्या हाती नसते. वीजघरातले चक्र आम्ही टर्बाइनच म्हणतो. पण त्यातून बाहेर पडून वाशिष्ठीला मिळणाऱ्या पाण्याला 'अवजल' म्हणतो, आणि चिपळूणचा शेतकरीही ते सहज म्हणतो. शब्द कामाचा निघाला की लोक त्याची जात विचारीत नाहीत.

फॉल्टसाठी भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात 'प्रस्तरभंग' आहे. भूशास्त्राच्या लिखाणात 'विभंग' आढळतो, 'भ्रंश'ही आढळतो. प्रस्तरभंग अचूक वाटतो, पण त्यात खडक मोडतो, सरकत नाही. शिवाय अंगणात वाचायला तो जरा जड. भ्रंश या शब्दापाशी मी थांबलो. त्याच्या मुळात घसरणे, जागेवरून ढळणे आहे. स्मृतिभ्रंश म्हणजे स्मृती जागेवरून ढळणे. त्यात कुणाचा अपराध नाही. घरात असा म्हातारा माणूस ज्याने सांभाळला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. खडक जागेवरून ढळला: भ्रंश. मी दोष खोडून भ्रंश लिहिले.

इथे काम संपायला हवे होते. पण आजींचा प्रश्न संपला नव्हता. शब्द बदलला म्हणून "कुणामुळे" हे कुठे सुटले?

या प्रश्नावर शास्त्रज्ञही कित्येक वर्षे झगडले आहेत, आणि त्यांनाही शब्दच बदलावा लागला. धरणाच्या पाण्याने होणाऱ्या भूकंपाला इंग्रजीत आधी 'इन्ड्यूस्ड' म्हणत. आपण त्याचे 'जलाशयप्रेरित' केले. प्रेरित म्हटले की सारे पाण्याने घडवून आणले, असा ध्वनी निघतो. पुढे 'ट्रिगर्ड' हा शब्द अधिक योग्य ठरला. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. बार उडतो तो आत भरलेल्या दारूने; चाप नुसता निमित्त. खडकात ताण कितीतरी काळापासून साठलेला होता, भ्रंश धरणाच्या फार आधीचा होता. पाण्याचा भार वाढला, पाणी फटीफटींतून खोल झिरपले, आणि सुटायला टेकलेले सुटले. आता तर गोठणे गावी सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडून तो खडक पाहण्यात आला. वरचा काळा पाषाण सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा, आणि त्याखाली थेट कातळाचा जुनाट पाया. सांगली जिल्ह्याच्या सीमेवर वारणेचे चांदोली धरण भरू लागल्यावर पुढे तिकडेही धक्के सुरू झाले. पावसाळ्यात धरण भरते त्यानंतरच्या महिन्यांत धक्के वाढतात, हे तर वर्षानुवर्षांच्या नोंदींनी दाखवले आहे.

आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. या म्हणीत कावळा निर्दोष सुटतो. कोयनेत तसे म्हणता येत नाही. फांदी आधीच पिचलेली होती हे खरे, पण कावळ्याचे वजनही खरे. मराठीत यासाठी दोन शब्द पूर्वीपासून आहेत: कारण आणि निमित्त. भ्रंश हे कारण, पाणी हे निमित्त. इन्ड्यूस्डकडून ट्रिगर्डकडे यायला जो शब्द हवा होता, तो आपल्या आजीपणजीच्या तोंडी होताच.

आठ दिवसांनी मी नवा कागद घेऊन आजींकडे गेलो. भ्रंश म्हणजे काय ते समजावून सांगितले. दोन तळहात एकमेकांवर घासून दाखवले. कारण कोणते, निमित्त कोणते, तेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हंजी जमिनीचा दोष न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग माझा भाऊ जमिनीनं न्हाई मारला. भिंतीनं मारला. नुसती माती न् धोंडं व्हतं त्यात. तवा समद्यांचीच घरं तसली."

मी गप्प झालो. जे मी कागदावर लिहायला विसरलो होतो, ते त्या बोलल्या होत्या. भूकंपात जी माणसे गेली ती बहुतेक चिखलात रचलेल्या धोंड्यांच्या जाड भिंतींखाली. आडवे बांध नसलेली, एका हिसक्यात उकलणारी ती घरे. खडक ढळणे आपल्या हाती नाही. भिंत कशी बांधावी हे हाती आहे. आणि इथे मात्र, माझ्या मते, मराठीचा जुना शब्दच बरोबर आहे.

मी परत येऊन शेवटी एक परिच्छेद वाढवला. खडकात भ्रंश आहे. तो राहणार आणि धक्के बसत राहणार. पण घराच्या बांधणीत दोष राहिला, तर तो आपला. पहिल्या दिवशी जो शब्द मी चुकीच्या जागी लिहिला होता, तो असा कागदाच्या शेवटी योग्य जागी गेला.

त्या ११ डिसेंबरला तो कागद पुन्हा त्याच अंगणात वाचला. वाचून होते न होते तोच दिवे गेले. अंधारात एक पोर ओरडले, "फॉल्ट!" सारे हसले, आजीही हसल्या. त्याचे मराठी मी कुणाला सांगितले नाही.