काय घडले, कुठे घडले: स्मृतीच्या अभ्यासाची प्रस्तावना

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला. ज्यांच्या घरात पाणी आले त्यांना आजही विचारा. पाणी कितव्या पायरीपर्यंत चढले, तांदळाची पोती कुठे हलवली, सगळे जागच्या जागी सांगतील. काय घडले आणि कुठे घडले, या दोन्ही गोष्टी स्मृतीत एकजीव होऊन बसतात. मेंदूतली पेशींची जाळी हे कसे साधते, हाच या पुस्तकाचा विषय.

1957 साली स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा बराचसा अंश काढला गेला होता. बुद्धी शाबूत राहिली. नवी आठवण मात्र टिकेना. 1971 मध्ये ओ’कीफ आणि दोस्त्रोव्हस्की यांना उंदराच्या याच भागात विशिष्ट जागी आल्यावर सक्रिय होणाऱ्या पेशी आढळल्या. ‘कुठे’चा धागा हाती आला. ‘काय’चे कोडे उरलेच होते.

म्हणून सचिन देशमुख यांचे संशोधन विद्यार्थ्यांनी बारकाईने वाचावे असे मला वाटते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उपिंदर भल्ला यांच्यासोबत त्यांनी वासावर काम केले. सवयीचा झालेला वास आणि वेळ यांची नोंद हिप्पोकॅम्पस कशी ठेवतो, यावरचा त्यांचा शोधनिबंध 2003 चा. पुढे अमेरिकेत जेम्स नीरिम यांच्याबरोबर ते वस्तूंकडे वळले. केसाहून बारीक चार तारांचा पीळ मेंदूत अलगद उतरवायचा, उंदराला पेटीत ठेवलेल्या वस्तूंभोवती मोकळे फिरू द्यायचे आणि एकेका पेशीचे संकेत टिपत राहायचे. 2011 मध्ये त्यांनी दाखवले की, हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवणाऱ्या बाह्य एन्टोऱ्हायनल भागातल्या काही पेशी वस्तूंजवळ प्रतिसाद देतात, तर काही वस्तूंपासून दूरच्या जागाही नोंदतात. म्हणजे ‘काय’ आणि ‘कुठे’ यांचे रस्ते आपण समजत होतो तितके वेगळे नाहीत. 2013 च्या निबंधात तर हिप्पोकॅम्पसमधल्या थोड्याच, पण विलक्षण पेशी भेटतात: एकाहून अधिक वस्तूंपासून त्याच अंतरावर, त्याच दिशेला सक्रिय होणाऱ्या. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. नुसत्या सरासरीवर समाधान मानले असते, तर या पेशी नजरेतून निसटल्या असत्या. पुढे बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी आपली प्रयोगशाळा उभी केली.

भंडाऱ्याच्या मुलांना हे सारे दूरचे वाटू नये. शेजारच्या नागपूर विद्यापीठातले दादासाहेब कोकरे आणि पुण्याच्या आयसरमधले निशिकांत सुभेदार यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवून दिले की, कार्ट नावाचे पेप्टाइड स्मृतीला हातभार लावते आणि ही क्रिया हिप्पोकॅम्पसमधल्या ईआरके या रासायनिक मार्गाने घडते. कोकरे औषधनिर्माणशास्त्राच्या विभागातले. तेव्हा प्राणिशास्त्र, फार्मसी, भौतिकशास्त्र, संगणक, कुठल्याही वाटेने या. इथे सगळ्यांची गरज आहे. पेशींच्या विद्युत संकेतांवरचे दुसरे प्रकरण जड गेले तर खुशाल सोडा. वस्तू आणि जागा यांच्यावरचे चौथे प्रकरण आधी वाचा आणि मग मागे या.