गवंड्याचा मालक कोण? कोल्हापुरातील बांधकाम कामगार संघटनेची पूर्वपीठिका

कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहणाऱ्यास त्याच्या वास्तुविशारदाचे नाव सहज सापडते : मेजर चार्ल्स मँट. १८७७ ते १८८४ या काळात ही वास्तू उभी राहिली. मँट १८८१ मध्येच निवर्तले. काम मात्र थांबले नाही. ज्यांनी ते काळे दगड घडवले आणि ओळंबा धरून रचले, त्या पाथरवट-गवंड्यांपैकी किती नावे आपल्याला ठाऊक आहेत? आजचा धागा त्यांच्या वारसांच्या संघटनेविषयी.

थोडे मागे जाऊ. बारा बलुतेदारांच्या रूढ यादीत सुतार, लोहार, कुंभार आहेत. गवंडी सहसा आढळत नाही. मला याचे कारण साधे वाटते. नांगर वारंवार मोडतो, मडके फुटते, पण चिरेबंदी वाडा पिढ्यांतून एकदाच बांधला जातो. त्यामुळे खळ्यावरच्या धान्यात गवंड्याचा वतनी वाटा नव्हता. काम असेल तेथे जावे, मजुरी घ्यावी आणि पुढची वाट धरावी.

आधुनिक काळातही हीच अडचण उरली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. तेथे फाटक होते, हजेरीपत्रक होते, मालक ठरलेला होता. गवंड्याच्या कामाची जागा काम संपताच दुसऱ्याचे घर होते. आज एक ठेकेदार, चार महिन्यांनी दुसरा. १९२६ च्या कायद्याने कामगार संघटनांना नोंदणीचा मार्ग दिला खरा. परंतु गवंड्याने संप पुकारायचा तो कोणाविरुद्ध?

यावरचे उत्तर मोठे कल्पक होते. १९८५ पासून न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय मोहीम समितीने बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायद्याची मागणी लावून धरली. १९९६ साली तो झाला. त्याचे मर्म असे की, मालक सापडत नसेल तर बांधकामावरच उपकर बसवावा. खर्चाच्या एक टक्का रक्कम कल्याणकारी मंडळाकडे जावी आणि तेथून नोंदणीकृत मजुराला मुलांचे शिक्षण, प्रसूती, अपघात यांसाठी साहाय्य मिळावे. महाराष्ट्राचे नियम मात्र २००७ मध्ये आले आणि त्रिपक्षीय मंडळ २०११ मध्ये. पंधरा वर्षे! देशभरात जमलेला निधी मजुरांपर्यंत पोहोचतच नाही, यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले; या पैशातून लॅपटॉप आणि धुलाई यंत्रे घेतल्याचेही त्या निकालात नमूद आहे.

आता कोल्हापूर. सिटूशी संलग्न लाल बावटा बांधकाम कामगार संघटना या जिल्ह्यात काम करते. तिचे मोर्चे, दिवाळी बोनसची मागणी हे वृत्तपत्रांत दिसते. तिचे खरे काम मला कागदांत दिसते. नोंदणीसाठी वर्षभरात किमान नव्वद दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. रोज नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला तो कोण देणार? ठेकेदार सही टाळतो, कारण सही म्हणजे जबाबदारी. मग ग्रामसेवकाकडे, पालिकेत खेटे. मुदत संपली की नूतनीकरण, नाहीतर लाभ बंद.

‘ही कसली संघटना, हे तर अर्ज भरण्याचे दुकान’ अशी टीका कानी येते. बोगस नोंदणीच्या तक्रारीही राज्यात झाल्या आहेत, त्या दडवण्याचे कारण नाही. तरीही टीकाकार एक गोष्ट विसरतात : शतकानुशतके ज्याच्या श्रमाची नोंदच कोणी ठेवली नाही, त्याच्यासाठी नोंद हाच लढ्याचा विषय आहे.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने सारी बांधकामे थांबली, तेव्हा राज्याने बांधकाम मजुरांच्या खात्यांत प्रत्येकी दोन हजार रुपये जमा करण्याचे ठरवले. यादी मंडळाच्या दप्तरातून घेतली गेली. ज्याचे नाव तेथे नव्हते, त्याच्याही हाताला चुन्या-सिमेंटचे घट्टे होतेच.