स्वप्नातली शिवी, स्वप्नातला मंत्र



आजचा विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. स्वप्नात आपण कुणाला शिवी दिली, किंवा कुणी आपल्याला दिली, तर त्याचा अर्थ काय लावायचा? पण पहाटे दचकून उठलेल्या माणसाला हा प्रश्न हसण्यासारखा नसतो. त्यातून शिवी देणारे वारलेले वडील असतील, किंवा जिच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही ती आई असेल, तर दिवसभर ते मनातून जात नाही.

देवळाबाहेर स्वप्नफलाच्या पुस्तिका मिळतात. साप दिसला तर हे, दात पडला तर ते. यामागं जुनी परंपरा आहे. मत्स्यपुराणात शुभाशुभ स्वप्नांचा अध्याय आहे. वाल्मीकिरामायणाच्या सुंदरकांडात त्रिजटेला स्वप्नात रावण गाढवं जुंपलेल्या रथातून दक्षिणेकडे जाताना दिसतो, आणि त्यावरून ती त्याचा नाश ओळखते. पण हे मुख्यतः दिसण्याचं शास्त्र झालं. ऐकलेल्या शब्दाला अशी यादी पुरत नाही, कारण शब्दाला बोलणारा असतो, ऐकणारा असतो आणि दोघांचं काहीएक नातं असतं. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. रंकाळ्यावर भेटलेला दोस्त 'काय रांडंच्या, हुतास कुठं?' म्हणतो, तेव्हा त्यात माया असते. (हशा) तोच शब्द बांधावरच्या भांडणात आला की डोकी फुटतात. मग पुस्तिकेत 'शिवी' या शब्दापुढं फळ काय लिहायचं?

आता आपल्या पूर्वजांनी शिवीला किती वजन दिलं होतं ते बघा. शिलाहारांचं एक घराणं इथं कोल्हापुरात राज्य करत होतं, दुसरं उत्तर कोकणात. त्या कोकणातल्या अपरादित्याचा बाराव्या शतकाच्या अखेरचा एक शिलालेख मुंबईत परळला सापडला. दानाचा मजकूर संस्कृतात, आणि शेवटी हे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी, ती मात्र मराठीत. अशा दगडांना आपण गधेगाळ म्हणतो. कित्येकांवर त्या शिवीचं चित्रही कोरलेलं असतं. म्हणजे राजाच्या आज्ञेला शिवीचा पहारा. आणि शिवी कुणाला? गुन्हा करणार तो पुरुष, शिवी त्याच्या आईला. ज्या बाईनं काही केलेलं नाही तिच्या वाट्याला शब्द येतो, हे तेव्हापासूनचं आहे.

दुसरी गोष्ट, स्वप्नातला शब्दही खराच मानायचा. राजा हरिश्चंद्राची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मार्कंडेयपुराणात त्याची आणि विश्वामित्राची गाठ शिकारीच्या वेळी, जागेपणी पडते. लोकांनी सांगताना मात्र राजाला राज्य स्वप्नात दान करायला लावलं, आणि जागा झाल्यावर तो शब्द पाळायला लावला. ही कथा इथल्या प्रभात कंपनीनं 1932 साली 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलपटात आणली. 'स्वप्नात बोललो, ते सोडून द्या,' असं म्हणायची मुभा लोककथेनं हरिश्चंद्राला ठेवली नाही.

या दोन्ही गोष्टी जिच्या आयुष्यात एकत्र आल्या ती बाई कोल्हापुरातच राहत होती. संत बहिणाबाई. जन्म 1628, वेरूळजवळच्या देवगावचा. लहानपणीच तिशीतल्या बिजवराशी लग्न झालं. कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला आलं तेव्हा तिचं वय साधारण अकरा. इथं जयराम स्वामींचं कीर्तन ती ऐके, आणि एक वासरू सतत तिच्या मागं मागं असे. लोकांत चर्चा झाली, नवऱ्याचा संताप झाला, त्यानं तिला मारलं, बांधून ठेवलं. हे तिनं स्वतः आत्मचरित्रपर अभंगांत सांगितलं आहे. पुढं वासरू गेलं, ती दिवसचे दिवस शुद्धीवर नव्हती, आणि त्यानंतर स्वप्नात तुकोबा आले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, मंत्र दिला. तुकोबा तेव्हा देहूत हयात होते. तिनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

आता घरातला वाद कशावरून पेटला ते नीट ऐका. नवरा वैदिक ब्राह्मण. 'स्वप्नात काय, काहीही दिसतं,' असं म्हणून त्याला विषय मिटवता आला असता. त्याचा आक्षेप निराळाच होता: ब्राह्मणाच्या बायकोला शूद्रानं उपदेश कसा केला? म्हणजे स्वप्न घडलं हे त्यालाही मान्य. भांडण बोलणाऱ्याच्या अधिकाराचं. तो तिला सोडून जायला निघाला, आजारी पडला, मग वळला, आणि पुढं सगळं कुटुंब देहूला गेलं. जागेपणी मार खाणाऱ्या मुलीशी स्वप्नात कुणीतरी मानानं बोललं, आणि त्या बोलण्यानं घराची दिशा बदलली. स्वतः तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांकडून मंत्र स्वप्नातच मिळाला होता, त्यामुळं वारकऱ्यांना यात वावगं काही वाटलं नाही.

आजचं शास्त्र काय म्हणतं? फ्रॉइडनं 'स्वप्नांचा अर्थ' या पुस्तकात म्हटलं की स्वप्नातली वाक्यं जागेपणी ऐकलेल्या वा बोललेल्या तुकड्यांची बनतात. पुस्तकावर साल छापलंय 1900. पॅरिसच्या संशोधकांनी 2017 साली झोपेत बोलणाऱ्या 232 लोकांचं बोलणं तपासून प्रसिद्ध केलं. सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द होता 'नाही'. आणि शिव्या जागेपणापेक्षा कितीतरी जास्त होत्या. दिवसा ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या रात्रीकडं यावरून जरा वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटतं.

तेव्हा फळ शोधू नका. इतिहासकार कागदाला विचारतो ते स्वप्नाला विचारा. कोण कुणाला बोललं? हा शब्द जागेपणी शेवटचा कधी, कुणाकडून ऐकला? त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं का? वारलेल्या वडिलांनी स्वप्नात शिवी दिली म्हणजे त्यांनी शाप दिला असं नाही. त्यांच्या तोंडचा एखादा जुना शब्द तुमच्याकडं राहिलेला असू शकतो. आणि घरात कुणी झोपेत शिव्या देत असेल, तर सकाळी त्याच्याकडून त्याचा जाब मागू नका. झोपेत हातपाय झाडत असेल, पलंगावरून पडत असेल, तर मात्र मांत्रिकाकडं न जाता डॉक्टरकडं न्या.

बहिणाबाईनं आपलं स्वप्न स्वतः लिहून ठेवलं, अर्थही तिनंच लावला. नवऱ्यानं लावलेला अर्थ आज आपल्यापर्यंत पोचतो तोही तिच्याच अभंगांतून. आता तुमचे प्रश्न घेऊ.