सरधन्याची बेगम आणि तिचे देवालय

मेरठजवळील सरधना येथे जे भव्य कॅथलिक देवालय उभे आहे, ते बांधविणाऱ्या बेगम समरूचे नाव महाराष्ट्रात आज क्वचितच कोणाच्या ओठी येते. वास्तविक १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या बाजूस तिच्याही पलटणी होत्या. पती वॉल्टर राइनहार्ट १७७८ मध्ये निवर्तल्यावर त्याची फौज आणि जहागीर या स्त्रीने स्वतःच्या हाती घेतली, १७८१ मध्ये आग्र्यास बाप्तिस्मा घेतला, आणि दिल्लीच्या ढासळत्या पातशाहीत भल्याभल्या सरदारांना जे साधले नाही, ते आपला मुलूख अखेरपर्यंत राखण्याचे कर्तृत्व करून दाखविले.

देवालयाचा आराखडा तिच्याच पदरी असलेल्या अंतोनियो रेघेलिनी या इटालियन अधिकाऱ्याने केला. परंतु इमारत उभारून ती थांबली नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. देवालयाच्या खर्चवेचासाठी एक लाख रुपये आणि गावच्या गोरगरिबांसाठी निराळी रक्कम तिने लावून दिली.

आत तिच्या समाधीवर रोमच्या तादोलिनीने घडविलेले शुभ्र संगमरवरी शिल्प आहे: उच्चासनावर बेगम, हाती पातशाही फर्मानाची गुंडाळी, आणि भोवती तिचे दिवाण, सरदार व धर्मगुरू.

२७ जानेवारी १८३६ रोजी ती वारली आणि कंपनी सरकारने जहागीर खालसा केली. मेरठकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाने वाट थोडी वाकडी करून हे देवालय अवश्य पाहावे.